स्पोर्ट्स कारचे टायर : पकड आणि खर्चाचा मेळ

स्पोर्ट्स कारच्या टायरची किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : रिमचा व्यास, तो आकार देशात किती गाड्यांना लागतो, आणि रबराच्या मिश्रणाची जात. ब्रँडचे नाव त्यानंतर येते. दुकानात मात्र बोलणे ब्रँडपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. परवडणारा, तरीही गाडीच्या ताकदीला पेलणारा टायर हवा असेल, तर आधी आकार, मग वर्षाकाठी होणारे किलोमीटर, मग रस्ता आणि पाऊस, आणि सर्वांत शेवटी नाव, या क्रमाने जावे लागते.

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरण तालुक्यात असलेला द्रोणागिरी हा सिडकोचा नोड या विषयाची चांगली परीक्षा घेतो. १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर शेजारीच आहे. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर कंटेनरच्या ट्रेलरांची अखंड वर्दळ असते आणि अवजड वाहतुकीने पडणारे खड्डे, सांडलेली खडी, खिळे, लोखंडी तुकडे हे सगळे ओघाने येते. दुसरीकडे, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू याच तालुक्यात चिर्ले येथे उतरतो आणि त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. पनवेलकडे निघाले की पुढे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा काँक्रीटचा पृष्ठभाग आणि बोरघाटाची वळणे लागतात. त्यावर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. एकाच टायरने हे सगळे निभवायचे असते.

टायरच्या अंगावरची माहिती

टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेली अक्षरे वाचता आली की निम्मी निवड झालीच. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ हा आकार घेऊ. फोक्सवॅगनच्या चाकण येथे बनणाऱ्या व्हर्टस जीटीला याच मापाचा टायर लागतो. २०५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, अर्थात सुमारे ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ९१ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे : टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००.

रस्त्यावर कायद्याने शंभराच्या आसपासच जाता येते, मग २४० चा टायर कशाला, असा प्रश्न रास्त वाटतो. वेगाचे अक्षर केवळ वेग सांगत नाही. त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता सोसण्याची टायरची क्षमता त्यातून कळते, आणि सहसा त्याच्या सांगाड्याचा ताठपणाही. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर, भरल्या गाडीने, तासभर एकाच वेगाने धावणाऱ्या टायरला हीच क्षमता लागते. म्हणून कंपनीने व्ही सांगितला असेल तर स्वस्त पडतो म्हणून एच किंवा टी बसवणे ही काटकसर चुकीच्या जागी होते. भारांकाचेही तसेच. दोन्ही आकडे मूळइतके किंवा त्याहून वरचे असावेत.

रबरावरच डीओटी या अक्षरांनंतर एका ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. याशिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोटारीच्या टायरांसाठीचे मानक आयएस १५६३३ हे आहे. चिन्ह नसलेला टायर कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

खरी बचत आकारात

महाराष्ट्रात बनलेल्या एका गाडीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. २०१५ साली बाजारात आलेली फियाटची अबार्थ पुंटो पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यात तयार होत असे. १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन असलेल्या या छोट्या गाडीला ‘१९५/५५ आर १६’ हे माप लागते. फियाटच्या गाड्या भारतात बंद झाल्या, पण टायरचे माप जगले, कारण ह्युंदाई आय२० आणि मारुती बलेनोच्या वरच्या प्रकारांनाही तेच लागते. लाखो गाड्यांना लागणारे माप प्रत्येक भारतीय कंपनी बनवते. साहजिकच दुकानात चार-पाच पर्याय असतात, स्पर्धेमुळे भाव खाली राहतो आणि ताजा माल मिळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला पोर्शे ७१८ केमन आहे. तिला पुढे ‘२३५/४५ झेडआर १८’ आणि मागे ‘२६५/४५ झेडआर १८’ अशी दोन वेगळी मापे लागतात. मागची रुंद जोडी इंजिनची ताकद रस्त्यावर उतरवते आणि लवकर झिजते. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे फिरवून झीज वाटून घेण्याची सोय अशा गाडीत नसते. शिवाय पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरांवर एन-शून्य, एन-एक अशी खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा आणि मर्सिडीजसाठी एमओ या खुणा असतात. खूण असलेला टायर सहसा महाग पडतो. वॉरंटीच्या काळात तोच घेणे श्रेयस्कर. वॉरंटी संपलेल्या गाडीला त्याच मापाचा, तेवढ्याच भारांकाचा आणि वेगाक्षराचा, खूण नसलेला पण नावाजलेला टायर बसवता येतो. अट एकच : चारही चाकांवर एकाच जातीचे टायर हवेत.

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने म्हणूनच गाडीबरोबर टायरचे मापही तपासावे. एकाच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला १७ इंची आणि वरच्या प्रकाराला १८ किंवा १९ इंची रिम असल्याचे अनेकदा आढळते. अशा वेळी कंपनीने मान्य केलेल्या लहान रिमवर येणे हा खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो. ‘२०५/५५ आर १६’ चा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो आणि ‘२२५/४५ आर १७’ चा सुमारे ६३४. व्यास जवळपास सारखा असल्याने वेगदर्शक काट्यात फरक पडत नाही. लहान रिमवर भिंत उंच राहते आणि खड्ड्याचा दणका रबर झेलते. बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्यात आपटला की आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो आणि रिमही वाकते. उरण–पनवेल परिसरातल्या रस्त्यांवर तर उंच भिंत ही किंमत वाचवणारी गोष्ट आहे. रिम लहान करण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का, एवढे मात्र पाहावे लागते.

उलट दिशेने, म्हणजे दिसण्यासाठी मोठी रिम आणि रुंद टायर लावण्यात, खर्च तर वाढतोच, पण अडचणीही वाढतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते, आणि कंपनीला मान्य नसलेल्या मापामुळे विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो.

बंदर शेजारी, तरी आयात महाग

जवाहरलाल नेहरू बंदर हाकेच्या अंतरावर असल्याने परदेशी टायर द्रोणागिरीत स्वस्त मिळावेत, अशी समजूत सहज होते, पण ती चुकीची आहे. १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वर्गातून काढून ‘प्रतिबंधित’ वर्गात टाकली. तेव्हापासून आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याआधी बाजारात सहज दिसणारे स्वस्त परदेशी ब्रँड त्यामुळे आटले, आणि जी मोठी मापे देशात बनत नाहीत त्यांचा पुरवठा अनियमित झाला.

देशात बनणाऱ्या मापांचे चित्र बरे आहे. सिएटचे कारखाने नाशिक आणि नागपूरजवळ बुटीबोरीला आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरला, एमआरएफचा गोव्यात. भारतीय कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत वेगवान गाड्यांसाठी वेगळ्या मालिकाही काढल्या आहेत. एमआरएफची पर्फिन्झा, जेके टायरची लेव्हिटास अल्ट्रा आणि सिएटची स्पोर्टड्राइव्ह या त्यांपैकी. अपोलो टायर्सने २००९ मध्ये व्रेडेस्टाइन ही डच कंपनी विकत घेतली आणि तिचे अल्ट्रॅक मालिकेतले टायर पुढे भारतातही आणले. मिशेलिन पायलट स्पोर्ट किंवा काँटिनेंटल मॅक्सकाँटॅक्ट यांच्या तुलनेत अशा मालिकांचा भाव सहसा खालचा असतो. मधल्या ताकदीच्या, रोज वापरायच्या गाडीला त्या पुरेशा ठरतात. करही कमी झाला आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी दहा हजारांचा टायर पूर्वी १२,८०० रुपयांना पडे, तो आता ११,८०० रुपयांना पडतो.

मऊ रबर, कडक रबर

टायरच्या पृष्ठभागाचे रबर मऊ असेल तर ते रस्त्याच्या बारीक खरखरीत घुसते आणि पकड चांगली मिळते, पण झीज लवकर होते. कडक रबर जास्त किलोमीटर जाते आणि ओल्या रस्त्यावर लवकर घसरते. हे द्वंद्व पूर्ण मिटत नाही. मात्र १९९२ मध्ये मिशेलिनने मिश्रणात काजळीऐवजी सिलिका मोठ्या प्रमाणावर वापरून ते बरेच सौम्य केले. सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढते आणि फिरण्याचा विरोध कमी होऊन इंधनही वाचते. आज मधल्या किमतीच्या टायरांतही सिलिका असते.

अमेरिकी बाजारासाठीही बनणाऱ्या टायरांवर ‘ट्रेडवेअर’ हा आकडा असतो. संदर्भासाठी ठरवलेल्या टायरला १०० मानले जाते. २०० च्या आसपासचे टायर शर्यतीच्या वळणाचे, ३०० च्या आसपासचे वेगवान रस्त्यांसाठीचे आणि ४०० च्या वरचे लांब टिकणारे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. आकडा कंपनी स्वतः चाचणी घेऊन देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो जास्त विश्वासार्ह.

थंड देशांत बर्फासाठीचे टायर वेगळे असतात, त्यांची कोकणात गरज नाही. इथले तापमान वर्षभर उन्हाळी मिश्रणाला मानवणारे असते. म्हणून ‘ऑल सीझन’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. पावसातली पकड मात्र सर्वांत आधी पाहावी. जून २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्याचा विरोध व आवाज यांचे किमान निकष भारतीय टायरांना लागू झाले. ही पायरी किमान आहे. वेगवान गाडीला त्याहून वरचा टायर हवा.

किलोमीटरचा हिशेब

महाग मऊ टायर परवडतो की स्वस्त टिकाऊ टायर, याचे उत्तर गाडी वर्षाला किती धावते यावर अवलंबून असते. समजा, ९,००० रुपयांचा मऊ टायर ३०,००० किलोमीटर चालतो आणि ८,००० रुपयांचा टिकाऊ टायर ५०,००० किलोमीटर. द्रोणागिरीहून रोज अटल सेतूवरून मुंबईला जाणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावते असे धरले, तर मऊ टायरांचा ३६,००० रुपयांचा संच दोन वर्षांत संपतो. वर्षाचा खर्च १८,००० रुपये. टिकाऊ संच ३२,००० रुपयांचा, तो तीन वर्षे चार महिने चालतो आणि वर्षाला ९,६०० रुपये पडतो. फरक मोठा आहे.

हीच गाडी फक्त रविवारी बाहेर पडणारी असेल आणि वर्षाला ५,००० किलोमीटर धावत असेल, तर हिशेब पालटतो. सहा वर्षांत ३०,००० किलोमीटर होतात, आणि तोवर दोन्ही टायर वयानेच म्हातारे होतात. टिकाऊ टायरची उरलेली २०,००० किलोमीटरची नक्षी कचऱ्यात जाते. सहा वर्षांत वाचतात ते चार हजार रुपये, म्हणजे वर्षाला सातशेहून कमी. तेवढ्यासाठी सहा पावसाळे कमी पकडीवर काढावे लागतात. कमी चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला मऊ टायर घेणे ही चैन नाही, तो व्यवहार आहे.

रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होत जाते, गाडी उभी असली तरीही. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही स्थितीत बदल सुचवतात. वेगवान गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर सहा वर्षांची मर्यादा सुरक्षित. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे दिसले की नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बाद समजावा.

पाऊस, पाणी आणि हवेचा दाब

रस्त्यावरचे पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर फेकले गेले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. १९६३ मध्ये नासातील संशोधक वॉल्टर होर्न यांनी विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून याचे एक सूत्र मांडले. तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या सूत्राने ३२ पीएसआय दाबाला ताशी सुमारे ९४ किलोमीटर हा वेग येतो, आणि दाब २४ पर्यंत उतरला तर सुमारे ८२. हे आकडे नक्षी झिजलेल्या टायरचे आणि खोल पाण्याचे आहेत. चांगल्या खाचा असल्या तर बरीच सवड मिळते. टायर जितका रुंद तितके पाणी बाहेर काढायला अवघड, म्हणून स्पोर्ट्स कारला हा धोका साध्या गाडीपेक्षा जास्त असतो.

कायद्याने मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली असे समजते. कोकणातल्या पावसासाठी मात्र ३ मिलिमीटरला टायर बदलण्याचा विचार करावा. मे अखेरीस नक्षी साडेतीन मिलिमीटरवर आली असेल तर पावसाळ्यापूर्वीच नवा संच घेणे शहाणपणाचे. दर पंधरवड्याला थंड टायरांचा दाब तपासणे ही फुकटात मिळणारी पकड आहे.

कुठे काटकसर करू नये

बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरचे मालक झिजलेल्या टायरांवर नवी नक्षी चढवून घेतात. जड, संथ वाहनाला असा रिमोल्ड टायर परवडतो आणि चालतोही. स्पोर्ट्स कारच्या वेगाला आणि वळणावरच्या ताणाला तो अजिबात योग्य नाही. जुन्या वापरलेल्या टायरांचेही तेच. आतून धागे तुटलेले आहेत का, पूर्वी हवा कमी असताना तो किती पळवला गेला, हे बाहेरून कळत नाही.

एका अॅक्सलवर दोन वेगळ्या जातींचे टायर कधीही लावू नयेत. बजेट दोनच टायरांचे असेल तर नवी जोडी मागे बसवावी, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र सगळे टायर एकदम बदलणे बरे. व्यासातला लहान फरकही त्या यंत्रणेवर ताण आणतो.

दुकानात आणि त्यानंतर

दर विचारताना टायरची किंमत, बसवण्याचे पैसे, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट असा एकत्रित भाव विचारावा. कमी किमतीचा टायर या बाबींत महाग पडू शकतो. बिलावर टायरचे माप आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे निर्मितीदोषाची वॉरंटी मागता येते. बनल्याची तारीख टायर रिमवर चढवण्यापूर्वी पाहावी. वर्षभरापेक्षा जुना माल असेल तर भावात सूट मागावी, दोन वर्षांपेक्षा जुना नाकारावा.

बंदर आणि कळंबोली परिसरातली बरीचशी टायर दुकाने ट्रकांसाठी आहेत. बुटक्या भिंतीचा टायर अलॉय रिमवर चढवायला मदतीचा हात असलेले यंत्र लागते. पहारीने चढवला तर रिमची कड आणि टायरची बीड (रिमला घट्ट बसणारी कड) दोन्ही खराब होतात. दाबाचा सेन्सर असलेल्या गाडीत तोही तुटतो. अशा गाडीसाठी योग्य यंत्र असलेले दुकान शोधण्याकरता वाशी किंवा पनवेलपर्यंत जावे लागले तरी ते वाजवी आहे. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, पंक्चर दुरुस्तीचा संच असतो. खिळ्यांचा सुळसुळाट असलेल्या रस्त्यांसाठी तो संच चालू स्थितीत आहे आणि त्यातल्या द्रावाची मुदत संपलेली नाही, याची खात्री करावी. द्राव भिंतीला पडलेली चीर बुजवत नाही.

नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावा, कारण साच्यातून काढताना लागलेला निसरडा थर निघून जायला तेवढा वेळ लागतो. चारही मापे सारखी असतील तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी. मोठा खड्डा लागल्यावर किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागल्यावर अलाइनमेंट लगेच तपासावी. चाकाचा कोन थोडा जरी बिघडला तरी टायरची आतली कड वरून न दिसता झिजत जाते. अलाइनमेंटचा खर्च एका टायरच्या किमतीच्या लहानशा हिश्शाएवढा असतो, आणि तो टाळला तर चाळीस हजार किलोमीटरचा टायर पंधरा हजारांतच बदलावा लागू शकतो.